क्लासिक रॉक स्टेशनचा फॉरमॅट कसा बदलावा: पहिल्या बैठकीपासून नव्वदाव्या दिवसापर्यंत

फॉरमॅट म्हणजे स्टेशन कोणत्या प्रकारचं संगीत वाजवतं ते. तो बदलण्याचा दिवस हा या सगळ्या कामातला सगळ्यात सोपा दिवस. चुका होतात त्या आधीच्या आठ-दहा आठवड्यांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत. तरीही मला विचारले जाणारे प्रश्न बहुतेक त्या एका दिवसाचेच असतात: पहिलं गाणं कोणतं लावू, किती वाजता बदलू, आधी स्टंट (लक्ष वेधणारं विचित्र प्रसारण) काय करू. या प्रश्नांची उत्तरं खाली आहेत, पण आपापल्या जागी. कामाचा क्रम चुकला की पहिलं गाणं कितीही नेमकं निवडलं तरी उपयोग होत नाही.

हा लेख अमेरिकेतल्या व्यावसायिक एफएम स्टेशनांपुरता आहे. भारतातले परवाने आणि नियम वेगळे असल्यामुळे यातला कायद्याचा भाग इथे लागू होत नाही. शब्दांबद्दल एक खुलासा: क्लासिक रॉक म्हणजे मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं गिटारप्रधान, अल्बमवाल्या बँडांचं संगीत, आणि त्याचा श्रोता जास्त करून पुरुष. क्लासिक हिट्स म्हणजे पूर्वी ज्याला ओल्डीज म्हणत त्याचा पुढचा अवतार. त्यात पॉप, सोल, डिस्को, रॉक सगळं चालतं, अट एकच: गाणं त्या काळी गाजलेलं हवं. हे दोन एकच समजून आखणी केली की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो.

## टप्पा १: फ्लिप हवा की सरकणं पुरेल?

फ्लिप म्हणजे एका फटक्यात अख्खा फॉरमॅट बदलणं. सगळ्यात महाग चूक इथेच होते. श्रोत्यांचे आकडे घसरले की बैठकीत कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट बदलू या." पण बऱ्याच वेळा फॉरमॅट ठीक असतो आणि गाण्यांचं वय चुकलेलं असतं.

एक हिशेब कागदावर मांडा. जाहिरातदार मुख्यतः २५ ते ५४ वयाचा श्रोता विकत घेतात. २०२५ साली जो ५४ वर्षांचा आहे, तो १९७१ सालचा. पंधराव्या वर्षी, म्हणजे १९८६च्या सुमारास, ऐकलेली गाणी त्याच्या मनात घर करून बसलेली. आता तुमच्या लायब्ररीतल्या प्रत्येक गाण्याचं साल एका रकान्यात लिहा आणि मधलं साल काढा. ते १९७५ निघालं, तर तुमचं स्टेशन ज्याच्यासाठी वाजतंय त्या श्रोत्याला जाहिरातदार मोजतच नाहीत. अशा वेळी फ्लिप नको. लायब्ररी दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकवा.

लॉस एंजेलिसचं 'के-अर्थ १०१' हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १९७२ साली ते ओल्डीज स्टेशन झालं. पुढे पन्नासच्या दशकातली गाणी मागे पडत गेली, मग साठच्या दशकातली, मग सत्तरची, ऐंशीची गाणी मध्यभागी आली आणि नव्वदची शिरली. नाव तेच, जागा तीच. कुठल्याही एका दिवशी 'बदल झाला' असं श्रोत्याला वाटलं नाही.

याच्या उलट न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम. तेही १९७२ पासून ओल्डीज वाजवत होतं. ३ जून २००५ च्या संध्याकाळी पाच वाजता, श्रोत्यांना निरोप न देता, ते 'जॅक एफएम' झालं. निवेदक जवळजवळ गेलेच. गाणी अनेक दशकांतली, सरमिसळ. त्याच दिवशी त्याच कंपनीने शिकागोतल्या डब्ल्यूजेएमके या ओल्डीज स्टेशनवरही जॅक आणला. न्यूयॉर्कमधला प्रयोग दोनच वर्षं टिकला. १२ जुलै २००७ ला दुपारी १ वाजून १ मिनिटाने, १०१.१ या फ्रिक्वेन्सीशी मेळ साधत, जुनं नाव परत आलं. पण आता स्वतःला क्लासिक हिट्स म्हणवत. म्हणजे दोन वर्षं आणि मोठी उलथापालथ खर्चून जिथे पोचले, तिथे के-अर्थसारखं सरकत सरकत जाता आलं असतं. माझं ठाम मत: ओल्डीज किंवा क्लासिक हिट्स स्टेशनला खऱ्या फ्लिपची गरज क्वचितच पडते. क्लासिक रॉकला ती जास्त वेळा पडते, कारण त्याच बाजारात दुसरं रॉक स्टेशन असेल तर दोघांच्या लायब्ररीचा मोठा भाग एकच असतो.

तपासून पाहा. पुढच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं तरच टप्पा २ कडे जा.
- गाण्यांचं वय दुरुस्त करूनही किमान वर्षभर आकडे हलले नाहीत का?
- सकाळचा कार्यक्रम, जाहिरातींचे लांबलचक ब्रेक, अशक्त सिग्नल ही कारणं बाजूला काढून पाहिलीत का?
- तुम्ही सोडाल तो श्रोता कुणाकडे जाईल हे ठाऊक आहे का?

## टप्पा २: सोडलेला श्रोता कुणाच्या पदरात पडतो

हा भाग छोटा आहे, पण वगळू नका. फ्लिपच्या दिवशी तुम्ही हजारो माणसांना सांगता की उद्यापासून दुसरीकडे जा. ते तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या स्टेशनकडे गेले तर फायदा, समोरच्याकडे गेले तर तुम्ही त्याला आयती भेट दिलीत.

जुना फॉरमॅट एचडी-२ वाहिनीवर (त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या डिजिटल उपवाहिनीवर) आणि इंटरनेटच्या स्ट्रीमवर चालू ठेवता येतो. ती एचडी-२ वाहिनी एफएम ट्रान्सलेटरवरून, म्हणजे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरच्या छोट्या प्रक्षेपकावरूनही, ऐकवता येते, पण ट्रान्सलेटरला जास्तीत जास्त २५० वॅट मिळतात. तेवढ्यात शहराचा एखादा भाग झाकला जातो, अख्खा बाजार नाही. श्रोत्यांना "सगळीकडे ऐकू येईल" असं आश्वासन देऊ नका.

## टप्पा ३: नाव, कागद, गुप्तता

इथे आधी एक गैरसमज दूर करतो. फॉरमॅट बदलायला एफसीसीची, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगाची, परवानगी लागत नाही. कोणत्या स्टेशनने काय वाजवायचं हे बाजारावर सोडावं हे एफसीसीचं धोरण १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने डब्ल्यूएनसीएन खटल्यात उचलून धरलं. परवानगी लागते ती मालकी बदलताना. आणि कॉल लेटर्स (डब्ल्यूसीबीएस यासारखी स्टेशनची अधिकृत अक्षरं) बदलायची असतील तर अर्ज करावा लागतो.

क्रम असा ठेवा:

१. ट्रेडमार्क. नवं नाव दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे का ते वकिलाकडून तपासून घ्या. जॅकसारखी नावं परवाना घेऊनच वापरायची असतात. शेजारच्या बाजाराचा सिग्नल तुमच्याकडे येत असेल तर तिथली नावंही पाहा.

२. डोमेन आणि समाजमाध्यमांवरची खाती. रेडिओच्या बातम्या देणारी संकेतस्थळं नव्या डोमेन नोंदींवर रोज नजर ठेवून असतात. कंपनीच्या नावाने नोंद केलीत तर दुसऱ्या दिवशी बातमी छापून येईल आणि तुमच्या निवेदकाला ती तिथून कळेल. नोंद वकिलामार्फत करा. आणखी दोन-तीन वेगळ्या नावांची डोमेनं घेऊन ठेवली तर मागमूस लागणं अवघड जातं.

३. रेटिंगमधलं नाव. श्रोते मोजणाऱ्या नील्सन कंपनीकडे नवं नाव आणि घोषवाक्य कळवायचं असतं. डायरीवाल्या बाजारात याला फार महत्त्व आहे, कारण तिथे माणूस आठवेल ते हाताने लिहितो. नाव बोलायला सोपं आणि समोरच्या स्टेशनच्या नावापेक्षा ऐकायला वेगळं हवं.

४. कॉल लेटर्स. हा अर्ज सार्वजनिक असतो, म्हणून सगळ्यात शेवटी. लागू होण्याची तारीख अर्जातच देता येते. पहिलं अक्षर मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डब्ल्यू, पश्चिमेला के. काही जुने अपवाद सोडून. हवी ती अक्षरं दुसऱ्या एएम किंवा टीव्ही स्टेशनकडे असतील तर त्यांची संमती लागते.

इशारा. दर तासाला द्यायची कायदेशीर ओळख फॉरमॅट बदलला तरी सुटत नाही. आधी कॉल लेटर्स, लगेच परवान्यातल्या गावाचं नाव. मध्ये फक्त मालकाचं नाव किंवा फ्रिक्वेन्सी चालते, घोषवाक्य चालत नाही. नवीन जिंगल बनवणारा हमखास इथेच चुकतो, कारण त्याला घोषवाक्य मध्ये बसवलेलं ऐकायला गोड लागतं.

स्टेशन विकलं जात असेल तर वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. शिकागोचं 'द लूप', ९७.९, हे रॉकमधलं मोठं नाव. २०१८ च्या मार्चमध्ये ते ईएमएफ या ना-नफा ख्रिस्ती प्रसारण संस्थेला विकल्याची घोषणा झाली आणि काही दिवसांतच, १० मार्चला, तिथे त्या संस्थेचं ख्रिस्ती संगीताचं के-लव्ह सुरू झालं. विक्रीची मंजुरी येण्याआधी भाडेकराराने ताबा देता येतो, त्यामुळे हे इतक्या लवकर घडू शकतं. तुम्ही विकणाऱ्या बाजूला असाल तर निरोपाचे दिवस करारातच लिहून घ्या. नंतर मागून मिळत नाहीत.

## टप्पा ४: लायब्ररी आणि क्लॉक

इथे कंजुषी करू नका, निदान सहा आठवडे द्या.

पहिली चूक म्हणजे जास्त गाणी. प्रोग्राम डायरेक्टरला रॉकची आवड असते, म्हणून तो कुणाला न आठवणारी अल्बमची गाणी भरतो. श्रोता एका वेळी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं ऐकतो. त्यात एक अनोळखी गाणं लागलं की बोट बटणावर जातं. काही शे तपासलेली गाणी पुरतात. शक्य असेल तर म्युझिक टेस्ट करा: गाण्याचा ओळखीचा पाच-दहा सेकंदांचा तुकडा लक्ष्यगटातल्या माणसांना ऐकवायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. ओळखता का? आवडतं का? कंटाळा आलाय का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि क्लासिक रॉकमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथली मोठी गाणी चाळीस वर्षं वाजतायत.

दुसरी चूक कानाला लगेच बोचते: चुकीची आवृत्ती. जुन्या कलाकारांनी स्वतःचीच गाणी पुढे पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली असतात, आणि स्वस्त संकलनांतून ती लायब्ररीत शिरतात. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण "काहीतरी चुकतंय" हे पहिल्या ओळीत कळतं. प्रत्येक फाइल पूर्ण ऐका. हो, प्रत्येक. रेडिओची छोटी आवृत्ती की अल्बमची लांब, हेही तेव्हाच ठरवा: क्लासिक हिट्सवर छोटी, क्लासिक रॉकवर बहुधा लांब.

मग वर्गवारी. सगळ्यात बळकट गाणी, मधली, अधूनमधून वाजणारी असे गट पाडा. एकाच कलाकाराच्या दोन गाण्यांत किती अंतर, सलग दोन संथ गाणी चालतील का, एकाच दशकाची तीन लागोपाठ नकोत, असे नियम शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्ये घाला. मग संपूर्ण आठवड्याचा लॉग, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी, तयार करून छापून वाचा. नुसता पडद्यावर वर-खाली केलात तर चुका निसटतात. रात्री दोनच्या आणि सकाळी आठच्या तासात तेच गाणं रोज येतंय, असं काहीतरी हमखास सापडतं.

क्लॉक, म्हणजे तासात काय कधी वाजेल याचा आराखडा, आखताना मोजणीचा नियम लक्षात ठेवा. मीटर असलेल्या बाजारात (जिथे काय ऐकलं ते श्रोत्याजवळचं यंत्र नोंदवतं) पूर्वी पंधरा मिनिटांच्या खान्यात ५ मिनिटं ऐकलं तर नोंद व्हायची. जानेवारी २०२५ पासून ३ मिनिटं पुरतात. दहा वर्षांपूर्वीचा क्लॉक जसाच्या तसा उचलू नका. जाहिरातींचे ब्रेक कुठे बसवायचे याचं गणित बदललं आहे.

तपासून पाहा. ऑटोमेशनमध्ये जुनं नाव शोधा: लायनर (स्टेशनचं नाव सांगणारे छोटे तुकडे), हवामानाची पार्श्वधून, ट्रॅफिकचं प्रायोजकत्व, शनिवार-रविवारचे आधीच भरलेले आवाज, आणीबाणीसाठी ठेवलेली राखीव टेप. फ्लिपनंतर तिसऱ्या रात्री ती राखीव टेप लागून जुनं स्टेशन हवेत जिवंत झाल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

## टप्पा ५: करार आणि माणसं

विक्री विभागाला किती आधी सांगायचं हा नाजूक प्रश्न आहे. प्रमुखाला आधी, बाकीच्यांना त्याच दिवशी सकाळी. पण त्याआधी पुढची यादी तुमच्याकडे तयार हवी.

- कोणते जाहिरातदार फॉरमॅट पाहून आले आहेत? मोटारसायकलचा डीलर क्लासिक रॉकसाठी आलेला असतो, त्याला दुसरा पर्याय द्यावा लागेल.
- चालू स्पर्धा. जाहीर केल्याप्रमाणे ती पार पाडणं एफसीसीच्या नियमाने बंधनकारक आहे. फॉरमॅट गेला म्हणून बक्षीस जात नाही. शक्यतो एकही स्पर्धा अर्धवट नसताना बदला.
- निवडणूक. प्राथमिक निवडणुकीआधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस उमेदवारांना सगळ्यात कमी दर द्यावा लागतो. त्या काळात दरपत्रक मोडून नवं करणं म्हणजे डोकेदुखी.
- बाहेरून घेतलेले कार्यक्रम आणि खेळांचं थेट वर्णन. या करारांच्या मुदती फॉरमॅटपेक्षा लांब असतात. फुटबॉलचा हंगाम मध्यावर असेल तर थांबा.

निवेदकांबद्दल. उद्योगातली रीत अशी की शेवटचा कार्यक्रम संपल्यावर त्यांना खोलीत बोलावून सांगायचं, कारण हवेत राग निघेल ही भीती. वीस-वीस वर्षं सकाळी लोकांच्या गाडीत बसलेला आवाज असा नाहीसा करणं मला पटत नाही, आणि धंद्यालाही ते महाग पडतं. डब्ल्यूसीबीएस-एफएमवरचे 'कझिन ब्रूसी', म्हणजे ब्रूस मॉरो, फ्लिपनंतर लवकरच सिरियस उपग्रह रेडिओवर गेले आणि त्यांचे श्रोते त्यांच्या मागे. ध्वनिमुद्रित निरोप घ्या, हवं तर संपादित करा, पण घ्या.

## टप्पा ६: अभियंत्याची यादी

प्रोग्रामिंगची माणसं हे वाचत नाहीत, म्हणून थोडक्यात आणि ठळक.

आरडीएसचा (रेडिओच्या पडद्यावर मजकूर पाठवणाऱ्या यंत्रणेचा) पीआय कोड, म्हणजे स्टेशनची ओळख पटवणारा कोड. अमेरिकेत हा कोड कॉल लेटर्सवरून गणिताने निघतो. कॉल लेटर्स बदलली आणि कोड तोच राहिला, तर गाडीच्या पडद्यावर जुनं नाव किंवा जुना लोगो दिसत राहू शकतो. स्टेशनच्या नावाला ८ अक्षरं, रेडिओटेक्स्टला ६४. त्यात बसेल असं नाव टप्पा ३ मध्येच ठरवलेलं असावं.

मीटरचा एन्कोडर. मीटरवाल्या (पीपीएम) बाजारात आवाजात न ऐकू येणारा कोड मिसळलेला असतो, मीटर तोच पकडतं. नव्या प्रोसेसरसाठी तारा हलवताना एन्कोडर बाजूला पडला तर लाख लोक ऐकत असले तरी मोजणीत शून्य. मॉनिटर लावून खात्री करा.

प्रोसेसिंग, म्हणजे प्रसारित आवाजाची घडण. रॉकसाठी लावलेलं दाबलेलं, कर्कश ध्वनिमान क्लासिक हिट्सवर लवकर थकवतं. नवी सेटिंग आधी एचडी वाहिनीवर ऐकून पाहा.

स्मार्ट स्पीकर. "अमुक स्टेशन लाव" म्हटल्यावर नवं नाव ओळखलं जायला मंजुरी लागते, तिला वेळ लागतो.

## टप्पा ७: स्टंटिंग

जुनं संपल्यावर आणि नवं सुरू होण्याआधी स्टेशन काहीतरी विचित्र वाजवतं: एकच गाणं सतत, नाताळची गाणी, घड्याळाची टिकटिक. उद्देश दोन. श्रोत्याला कळावं की जुनं संपलं, आणि गावात चर्चा व्हावी. त्यासाठी काही तासांपासून फार तर एक शनिवार-रविवार पुरे. आठवडाभर ताणलंत तर जुना श्रोता जातो आणि नवा यायला अजून कारणच नसतं.

नाताळची गाणी हा सगळ्यात सुरक्षित मार्ग, कारण ती ऐकायला लोक आपणहून येतात आणि २६ डिसेंबरला त्यांच्यासमोर नवा फॉरमॅट मांडता येतो.

इशारा, आणि हा गंभीर आहे. खोटी आपत्ती, खोटा गुन्हा, आणीबाणीचे टोन यांच्या जवळपासही जाऊ नका. सेंट लुइसच्या केएसएचई या रॉक स्टेशनवर जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्ध चालू असताना, अणुहल्ल्याची खोटी सूचना वाजली. दंड २५,००० डॉलर. पुढच्याच वर्षी एफसीसीने अशा अफवांविरुद्ध स्वतंत्र नियम केला. आणीबाणीच्या इशारायंत्रणेचे टोन विनाकारण वाजल्याबद्दल २०१५ साली आयहार्ट या रेडिओ कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले.

एकाच कलाकाराची गाणी सलग वाजवणार असाल तर स्ट्रीमकडे लक्ष द्या. इंटरनेटसाठीच्या वैधानिक परवान्यात तीन तासांत एका कलाकाराची ४ पेक्षा जास्त गाणी चालत नाहीत, सलग ३ पेक्षा जास्त नाहीत. तुम्हाला सूट आहे का ते वकिलाला विचारा, नसेल तर स्ट्रीमवर तेवढा वेळ वेगळं काही लावा. आणि शांतता हा स्टंट नव्हे. प्रसारण बंद ठेवलंत तर १० दिवसांच्या आत एफसीसीला कळवावं लागतं, ३० दिवसांपुढे परवानगी लागते, सलग १२ महिने बंद राहिलं तर परवानाच संपतो.

स्टंटच्या काळातही दर तासाची कायदेशीर ओळख चालूच. हे सांगावं लागतं, कारण विसरलं जातं.

## टप्पा ८: तो तास

दुपार किंवा संध्याकाळ निवडा, जेव्हा अभियंता, वकील आणि विक्रीप्रमुख तिघेही जागेवर असतात. मध्यरात्री बदललंत आणि काही बिघडलं तर सकाळपर्यंत कुणी भेटत नाही.

जुनं स्टेशन एका ओळखीच्या गाण्याने बंद करा. मग कायदेशीर ओळख, नव्या अक्षरांनी. मग एक मिनिटापेक्षा लहान, नव्या स्टेशनची ओळख करून देणारा तुकडा: नाव, फ्रिक्वेन्सी, काय वाजवतो. लगेच गाणं. पहिलं गाणं चतुर नको, नेमकं हवं. पहिल्या पंधरा सेकंदांत नव्या श्रोत्याला "हे माझं" वाटलं पाहिजे. गाण्याच्या शब्दांतून जुन्या स्टेशनला टोमणा मारायचा मोह टाळा. काल तिथे काम करणारी माणसं ते ऐकत असतात.

संकेतस्थळ, स्ट्रीम आणि आरडीएस त्याच मिनिटाला बदलायला तिघांना वेगवेगळं बसवा. एकच माणूस सगळं करतो म्हणाला तर नाही म्हणा.

## टप्पा ९: नव्वद दिवस

पहिले काही आठवडे जाहिराती अगदी कमी किंवा नाहीतच. सलग हजारो गाणी विनाजाहिरात वाजवण्याची पद्धत यासाठीच आहे. पण ती संपते तो दिवस आधी ठरवा, कारण शून्यावरून एकदम तासाला बारा मिनिटांवर उडी मारली की गमावलेला श्रोता परत येत नाही. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवा.

नाव सतत म्हणा. तुम्हाला कंटाळा येईल तेव्हा कुठे श्रोत्याला ते पहिल्यांदा ऐकू आलेलं असतं.

पहिल्या महिन्याचे आकडे पाहून काहीही बदलू नका. मीटरवाल्या बाजारात दर चार आठवड्यांनी नवा अहवाल येतो, त्यामुळे हात शिवशिवतात; पण पहिल्या अहवालात जुने श्रोते, उत्सुक माणसं आणि गोंधळ मिसळलेला असतो. डायरीवाल्या बाजारात तर अख्खा एक हंगाम थांबा. तोवर गाण्यांच्या चुका दुरुस्त करा, फॉरमॅटला हात लावू नका.

सार्वजनिक फाइलमधली तिमाही यादी, म्हणजे गावाच्या प्रश्नांवर तुम्ही काय प्रसारित केलं ती, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत टाकावीच लागते. जुन्या सकाळच्या कार्यक्रमातल्या मुलाखतींवर ती भरत असेल, तर कार्यक्रम गेल्यावर रकाना रिकामा राहतो. नव्या वेळापत्रकात रविवारी सकाळी अर्धा तास त्यासाठी पहिल्याच आठवड्यात राखून ठेवा.

फोन माणसाने उचलावा, निदान पहिले दोन आठवडे. रागावलेल्या माणसाचं ऐकून घ्या आणि जुनं संगीत एचडी-२ वर किंवा स्ट्रीमवर कुठे सापडेल ते त्याला सावकाश, दोनदा सांगा. टेबलावर एक वही ठेवा: कुणी कोणतं गाणं मागितलं, कुणी कोणत्या गाण्याला रेडिओ बंद केला. नव्वदाव्या दिवशी लायब्ररीची पहिली छाटणी कराल, तेव्हा म्युझिक टेस्टच्या निकालाशेजारी ती वही उघडी ठेवा आणि जिथे दोघांचं जमत नाही ती गाणी पुन्हा एकदा, पूर्ण, बसून ऐका.